दोन तास चाळीस मिनिटं

गुरुवारी कोपरच्या बंदरात जहाज लागतं,
चर्चच्या मनोऱ्याहून उंच, पांढरं.
आमच्या टेकडीवरून बघितलं
तर गावानं नवा फ्रिज घेतल्यासारखं दिसतं.

साडेदहाला व्हॅन येते. अकरा माणसं,
दंडावर जहाजाचे हिरवे स्टिकर.
दोन तास चाळीस मिनिटं : तीन वाइन,
मक्याचं बोबिची सूप, हॅम, तेलात बुडवायला पाव
आणि माझे आजोबा.

नेव्हिओ कोत्सियांचिच. वय अठ्ठ्याहत्तर.
त्यांना आपली भाषा येते, पलीकडच्या इटालियनांची येते,
गाढवांची यायची, गाढवं होती तोवर.
इंग्रजी माझ्याकडे.

लाल रेफोश्क ओतताना ते हमखास त्या हिवाळ्यावर येतात :
कंदील माझ्या हातात होता. बाप पुढे.
ऑलिव्हची झाडं फुटत होती, बंदुकीसारखी, एकेक,
आतल्या पाण्यानं.
बाप मोजत राहिला. दोनशे सहा.
मग घरी येऊन बूट न काढता झोपला.
आईनं वर्षभर डुकराच्या चरबीत रांधलं
आणि चवीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

आजोबा थांबतात. माझ्याकडे बघतात.
मी सांगते, "ऑलिव्हला थंडी सोसत नाही."
पाहुणे माना डोलावतात. पाव बुडवतात.

काय करू? सूप निवत असतं.

त्या गुरुवारी व्हॅन गेली, मी टेबलं पुसायला घेतली,
तर तुतीखाली बूट दिसले.
बुटांत पाय, पायांच्या वर एक म्हातारा,
चौथ्या ग्लासानंतर निवांत घोरणारा.
दंडावर हिरवा स्टिकर.
ड्रायव्हरनं अकरा डोकी मोजली होती खरी,
पण शेजारच्या लोरेदानाला धरून,
जी फुकटात बाजाराला गेली.

जहाज सुटायला पन्नास मिनिटं.
आजोबांनी जुनी रेनो काढली.
म्हातारा पुढे. मी मागे, रिकाम्या बाटल्यांच्या क्रेटांत,
वळणावळणाला खणखणत.

आणि आजोबा सुरू झाले. कंदील, बाप.
मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हाताराच बोलू लागला,
मला ठाऊक नसलेल्या कुठल्याशा भाषेत.
एक शब्द त्यात सारखा येत होता,
माणसाचं नाव असेल, किंवा होडीचं.
हातानं तो काहीतरी बुडताना दाखवत होता,
किंवा पेरताना.
आजोबा म्हणाले, "तर काय!"
त्यानं स्टिअरिंगवरच्या त्यांच्या हातावर हात ठेवला,
जे उतारावर करू नये.
दोघं एकाच वेळी बोलत होते
आणि कुणी कुणाला तोडत नव्हतं.

मला कुणी काही विचारलं नाही.

धक्क्यावर एक पोरगा शिडीशी उभा, घड्याळाकडे बोट दाखवत.
म्हातारा उतरला. खिशातून आमचाच पाव काढला,
नॅपकिनमध्ये गुंडाळलेला,
अर्धा तोडून आजोबांना दिला, आणि गेला.
मागे वळून वगैरे बघितलं नाही.

घरी येईपर्यंत आजोबा पाव चघळत होते.
"भला माणूस," म्हणाले. "त्यांच्याकडेही फार गेलं."
काय गेलं, ते मी विचारलं नाही.

पुढच्या गुरुवारी मी सगळं सांगितलं,
कंदिलापासून बुटांपर्यंत, चरबीसकट.
तिघांनी घड्याळ बघितलं.
सूप निवलं.
आजोबांनी न बोलता पातेलं उचललं
आणि परत चुलीवर ठेवलं.