मागचे केस

चेबेचं बी भाजताना तव्यापासून हलायचं नाही.
मोंगोच्या डोंगराची सावली अंगणात पोचेपर्यंत
ते खरपूस होतं,
आणि कुणी हाक मारली तर करपतंही.

मग उखळ. महलबच्या बिया, लवंगा,
डिंकाचे खडे.
किती, ते विचारू नका. हात थांबतो तिथं माप.

चाळलेली पूड तिळाच्या तेलात कालवून
मी ओल्या बटांना लावते,
मुळं सोडून, टोकापर्यंत.
कानापर्यंत सगळं एकटीला जमतं.
त्यामागचं डोकं
जन्मल्यापासून दुसऱ्याच्या हाती.

माझं कल्तूमाच्या.

कल्तूमाशी माझा अबोला आहे.
तिच्या शेळीनं माझी चटईवर वाळत घातलेली भेंडी
देठासकट फस्त केली, तेव्हापासून.
तरी नवव्या दिवशी ती येते,
वाटी उचलते,
माझं डोकं गुडघ्यांत धरते.

मी म्हणते, ‘भिंती, तेल जास्त झालंय.’
ती म्हणते, ‘भिंती, हिला सांग,
तापानंतर वेणी बोटभर बारीक झालीय.
सांग, नीट जेवत जा.’

भिंत मातीची. दोघींचं ऐकून घेते.

मग माझी पाळी. ती पुढ्यात बसते, पाठमोरी,
मान वाकवून, जशी कुणाहीपुढं वाकवत नाही.
मानेच्या खळगीत
एक पांढरा केस.
मी त्याला दोनदा पूड फासते,
वेणीच्या आतल्या पेडात घालते,
घट्ट ओढते.

भिंतीलाही सांगत नाही.