कैची

धडाचं वजन तीन किलो दोनशे.
तुर्भ्याला, मसाला मार्केटात, पेढीच्या काट्यावर करून पाहिलं मी,
ब्याडगीच्या दोन पोत्यांमध्ये उभी राहून, शिंकत.
शेठ म्हणाले, कारखानीस, हा माल कुठल्या पार्टीचा?
म्हटलं, माझा. खेळण्याच्या विटांचा.
सहा पाय लावायचेत अजून.
पावतीपुस्तकाकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला.

धड सोपं असतं.
जे काही होतं ते पायांचं होतं.

पहिले पाय देखणे होते, खोटं कशाला बोलू.
मांडीत सांधा, गुडघ्यात सांधा, घोट्यात गोळी.
कटकट करत वळवाल तसे वळायचे,
ओहोटीला खाडीपुलाखाली खेकडे निघतात तसे.
रात्री साडेदहाला उभा केला.
दहा पस्तीसला एक घोटा हळूच बाहेर सरकला,
मग शेजारचा, मग त्याचं बघून तिसरा,
आणि अठराशे तुकडे स्पार्टेकवर.
खालून सामंतांनी झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं.

घरात मूल नाही, त्यामुळे सांगायला कारणही नाही.
सत्तेचाळीस वर्षांची बाई कपाटाखाली हात घालून
राखाडी खिळी शोधते आहे, बस.

पावलं रुंद केली.
पावलांत जुन्या तराजूची पितळी वजनं कोंबली.
पडला. झाडू.
पाय आखूड केले. उभा राहिला खरा,
पण शेण थापल्यासारखा.
मीच पाडला. झाडू.

मग सोसायटीचं गळतीचं काम निघालं,
आणि परांची चढत चढत माझ्या खिडकीशी आली.
इरण्णा एका बांबूवर एक पाय टेकून,
दुसरा असाच हवेत विसरून, रंग लावत होता.
दोन दिवस नुसता बघत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला,
बाई, हे हलतंय कुठनं?
सांध्यांतून.
मग सांधे कशाला ठेवलेत? चालणार हाय काय हे?
नाही, म्हटलं. चालतोय असं दिसायला हवं.
तो हसला, ब्रश कानामागे खोचायला गेला,
कानाला पिवळा रंग लागला.
मग कैची मारा की.
आणि पाठीमागचा जोड थोपटून दाखवला,
दोन तिरके बांबू, मध्ये काथ्याची गाठ.
हे नसतं तर मी सामंतसायबांच्या तुळशीत.

त्या रात्री तीन घरं उभी, चार आडवी, पाच तिरकी.
घरं मोजायची, भोकं नाही;
हे कळेपर्यंत एक वाजला.
कर्ण टक् करून बसला.
जोर लावला, हलेना.
बाकीचे पाच गुडघे एकेक करून बंद केले,
घोट्यांतल्या गोळ्या काढून डब्यात टाकल्या.
वाकायची एकेक सोय मी काढून घेत गेले
आणि गंमत अशी की
तो जास्त जास्त चालू लागल्यासारखा दिसायला लागला.
पुढचा डावा तर उचललेलाच ठेवला, जमिनीपासून दोन बोटं.
तो आता कधीच खाली येणार नाही.

शनिवारी परांची उतरवली.
वरून खाली दोऱ्या कापत आले,
त्या त्या मजल्याच्या कैच्या सगळ्यात शेवटी.
इरण्णाला दाखवायचं राहून गेलं;
उलव्याला गेला म्हणे, सोळा मजल्यांच्या कामावर.
खिडकीच्या गजाला त्याचा काथ्या अजून बांधलेला आहे.
सोडवून पाहिला. सुटत नाही.

काल रात्री अकराला बेल वाजली.
दारात सामंत, बनियनवर, हातात झाडू नाही.
आत डोकावत म्हणाले,
नाही, म्हटलं आठ दिवस झाले,
काही पडलं नाही तुमच्याकडे.
बरं आहे ना सगळं?