खिडकी क्रमांक तीन

इरप्पा कट्टीमनी, ज्युनियर इंजिनियर, गोदी.
रोण तालुक्यातून आला तेव्हा
वास्कोच्या फलाटावर त्याला मिळालेला पहिला शब्द: भायलो.
त्यानं तो वहीत उतरवून घेतला म्हणे,
शेजारी कानडी अर्थ.

हातोडीनं जहाजाचं पोट वाजवायचा,
कान लावून सांगायचा, इथला सांधा कच्चा.
पोरं हसायची. एक्स-रे आला की गप्प.

माझ्या खिडकीवर दर मंगळवारी, रजा टाकून.
मागे बायण्यातल्या बायका, दोन गवंडी,
पिशवीत भाड्याच्या पावत्या,
विजेचं बिल तिसऱ्याच कुणाच्या नावाचं.
"पंधरा वर्षं," मी म्हणायचो, "पुरावा?"
तो काउंटरच्या लाकडावर बोट वाजवायचा
आणि ऐकत राहायचा.
मी उगाच शिक्का शोधायचो.

दिलेले दाखले मी मोजले नाहीत.
नाकारलेले त्याच्याकडे आहेत, तारीखवार.

निवृत्त झाला त्या जूनमध्ये एकटाच आला.
अर्ज स्वतःचा. वास्तव्य: एकोणतीस वर्षं.
मी म्हटलं, जेवणाची वेळ झाली.
झालीच होती तशी, एक वाजून दोन मिनिटं.
परत आला नाही.

काल रात्री लेकाचा फोन, स्विंडनहून.
पोर्तुगीज पासपोर्ट आहे, खोलीही आहे,
पण बाबा, इथं पत्त्याचा पुरावा मागतात,
घरमालक काही लिहून देत नाही.

फोन ठेवून मी टेबल वाजवून पाहिलं.
मला काहीच कळत नाही त्यातलं.

मंगळवारी बायण्याला जाऊन येतो.
घर क्रमांक माहीत नाही;
विचारलं तर कुणीही दाखवेल.