नववा रकाना

नगरपालिकेच्या अर्जात नववा रकाना आहे:
घर हलवण्याचं कारण. एका ओळीत लिहा.
ओविदियो, तू कास्त्रोहून पेन घेऊन आलास,
आणि मोठी भरती तीन दिवसांवर आलीय.
एका ओळीत मावेल असं कारण
मला अजून भेटायचंय, पोरा.

त्या रविवारी मी एकोणीस वर्षांची होते.
जमीन हलायची थांबली
आणि समुद्र मागे सरला, इतका मागे
की तळातले शिंपले उघड्यावर लखलखले.
जाणती माणसं म्हणाली, होडीत बसा,
पाण्याला भेगा पडत नाहीत.
शहाणपणाचंच होतं ते.
माझा भाऊ एलेउतेरियो बसला, त्याची बायको बसली.
दोघांच्या मध्ये वीतभर जागा ठेवून
त्यानं मला हाक मारली.
मी निघालेही होते.

तेवढ्यात आमची डुकरीण दावं तोडून
टेकडीकडे सुटली. गाभण होती.
मी ओरडले, "आलेच!"
आणि तिच्यामागे धावले.

वर पोचले तेव्हा माझ्या मुठीत तिचा कान होता
आणि खाली एकही होडी नव्हती.
समुद्रही नव्हता तसा.
काहीतरी तपकिरी, उभं,
डोक्यावर आमची छपरं घेतलेलं.

नंतर पाद्री म्हणाले, देवानं तुला निवडलं.
शाळेतल्या बाई म्हणाल्या, तू योग्य निर्णय घेतलास.
दोघांनाही मी टोपलीभर बटाटे दिले
आणि गप्प राहिले.
निर्णय डुकरिणीचा होता.
आणि तिनं तरी काय ठरवलं असणार,
घाबरली बिचारी.
पुढच्या हिवाळ्यात आम्ही तिला कापलं.
भूक होती. ते अर्जात नको.

तिचं एक पिल्लू विकत घ्यायला
पलीकडच्या बेटावरून बाउदिलिओ आला.
भाव पटला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी परत आला,
मग तिसऱ्या. पुढची एकतीस वर्षं
आम्ही त्याच भावावरून भांडत राहिलो.
घर कुठं बांधायचं? मी म्हणाले, वर. तो म्हणाला, काठाला.
खिशात नाणं नव्हतं,
त्यानं पायातला बूट काढून हवेत उडवला.
तळवा वर पडला.
म्हणून हे घर इथं आहे.
चार मुलं, एक बुडालेलं, तीन पाताग्योनियात
मेंढ्यांची लोकर कापायला गेलेली,
सगळी त्या तळव्याखालची.

बूट दुसऱ्या अंगावर पडता तर?
हे मी रात्री विचारायची, पूर्वी.
आता पाणी उंबऱ्याखाली येऊन
कुत्र्यासारखं अंग घासतं,
आणि मला झोप लागते.

तर ऐक. घर खाडीपलीकडे जाणार,
त्या टेकडीच्या पायथ्याशी.
हे मी ठरवलं. कुणी सांगितलं नाही,
बूटही उडवला नाही.
पण दिवस भरतीनं दिला.
ओंडके रेमिहिओच्या जंगलातले,
बैल बार्रिया भावांचे, आणि ते बैल
पहाटे कुठल्या पायावर उठतील, कुणास ठाऊक.
चाळीस माणसं येतील म्हणालीत. बावीस येतील.
सफरचंदाची दारू आहे कळलं, तर साठ.
माझ्या वाट्याला एवढंच आलं:
"ओढा" म्हणायचं.

पिंपं बांधून घर पाण्यावर सोडतील,
लाँच पुढून ओढेल.
सगळे म्हणतात, बाई, तू काठानं चालत ये.
मी आत बसणार आहे, खिडकीशी, बाकावर,
शेजारी वीतभर जागा सोडून.
त्याच पाण्यावरून जायचंय.

नववा रकाना ना?
लिही: आलेच.

चालणार नाही म्हणतोस? साहेब परत पाठवतील?
बरं. मग लिही, भरती.
तेही खोटं नाही.