वरच्या खोलीतल्या सहा उशा

निकाल लागला की वरची खोली रिकामी होते.
यंदा सहाजण होते. दोघांची नावं यादीत आली,
ते पेढे देऊन गेले. बाकीचे किल्ली देऊन.
उशा मात्र सगळ्यांच्या सारख्याच मळलेल्या.

मे महिना. माळव्याचं ऊन सकाळी आठलाच गच्चीवर हजर,
भाडं मागायला आलेल्या माणसासारखं.
नर्मदेचं पाणी एक दिवसाआड,
म्हणून आज नुसते अभ्रे,
उशा परवा.

अभ्रे उतरवले की कळतं कोण कसा झोपला.
आवळ्याच्या तेलाचं काळपट वर्तुळ,
मोहरीचं पिवळं,
एका कोपऱ्यावर चहा, एकावर हायलायटरचा हिरवा.
कमल अलावाची तेवढी कोरी.
तो पंचाची गुंडाळी घ्यायचा डोक्याखाली.
घरी उशी नव्हतीच म्हणाला, कुक्षीकडे,
पहिल्या आठवड्यात इथे मान आखडली होती त्याची.

तीन फायबरच्या. त्या धुता येतात.
मशीनमध्ये दोन घालायच्या, समोरासमोर,
एकटी घातली तर मशीन बकरीसारखं उड्या मारतं
आणि खालच्या मजल्यावरचे गोखले वर येतात.
तिसरीच्या जोडीला जुनी गोधडी.
पावडर नेहमीच्या अर्धी.
साबण आत राहिला तर पुढच्याच्या गालाला खाज,
आणि तो बिचारा समजणार अभ्यासाची उष्णता.

तीन कापसाच्या. त्यांना पाणी दाखवायचं नाही.
हे मी एक उशी वाया घालवून शिकले:
आत दगड झाले, बाहेर आंबूस वास,
आठ दिवस घरभर दही लागल्यासारखं.
कापसाला खायचा सोडा भुरभुरायचा, रात्रभर ठेवायचा,
सकाळी ब्रशनं झाडायचा, मग ऊन,
मग काठी. फार जोरात नाही.

मालवा मिलकडून इस्माईल मन्सुरी येतो, गुरुवारी.
उसवतो, पिंजतो, पुन्हा भरतो.
मागच्या साली एका उशीतून पेनाचं टोपण निघालं,
आणि घडी घालून घालून बटणाएवढी झालेली चिठ्ठी.
मी उघडली नाही. त्यानंही नाही.
मूठभर कापूस उन्हात धरून म्हणाला,
"आंटीजी, रुई अच्छी है. बस, दब गई है."

उशी राहिली की संपली, याची एक परीक्षा आहे.
मधोमध दुमडायची, हात काढून घ्यायचा.
आपली आपण उलगडली तर अजून दोन वर्षं.
नाही, तर सकाळच्या पिवळ्या गाडीत.

धीरेंद्र धाकडची उलगडली नाही.
चार वर्षं खिडकीशी होती, कूलरच्या तोंडाशी,
प्रत्येक उन्हाळा थोडा थोडा पीत.
अभ्र्याच्या आत, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडावर,
बॉलपेननं, शिवणीला धरून लिहिलेलं:
अकरा. सात. तीन. एक.
मी आधी वाटलं धोब्याचा हिशेब.
मग आठवलं, दरवर्षी तो जिन्यात थांबून सांगायचा
कितीनं राहिलं ते,
जणू मलाच देणं लागत होता.

स्पिरिटनं शाई जाते. बाटली होती हातात,
बोळा भिजवलेला होता.
अकरा गेला. सात फिकट झाला.
तेवढ्यात बोळा सुकला, आणि मी काही दुसरा घेतला नाही.

गाडी आली तेव्हा उशी घेऊन खाली गेले.
"गीला के सूखा?" मुलानं विचारलं.
इंदूरमध्ये या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं.
मी उशी दाबून पाहिली,
खरंच ठरवता येईना,
वर घेऊन आले.

बारा तारखेला नवीन मुलं येतील.
शाजापूरच्या एका आईचा फोन होता,
उशी तुमची की आम्ही आणायची?
आमची, म्हटलं. गुरुवारनंतर पाठवा.

संध्याकाळी सगळ्या गोळा केल्या.
वरून हात फिरवून समजत नाही,
वरून कुठलीही कोरडीच लागते.
मध्यभागी नाक खुपसून पाहायचं.
पाच झाल्या.
खिडकीजवळचीत नाक घातलं:
सोडा, ऊन, जरासा बाम,
आणि खूप आत कुठेतरी ओल.

परत ठेवली, कठड्यावर, काल खाली होती ती बाजू वर करून.
हिला अजून एक ऊन लागेल.