पलीकडची वेळ

आज पुन्हा गाडीतला नकाशा म्हणाला,
तुम्ही समुद्रात आहात.
मी तर ओडवारच्या दारात होते,
चाकं बर्फात, मांडीवर इन्सुलिनची पेटी.
इंजिन बंद करून बघत बसले त्या निळ्या ठिपक्याकडे.
लाट नाही, मासा नाही,
नुसती मी, बुडालेली.

पलीकडून आकाशात गोंगाट सोडतात, म्हणे.
अलीकडे आमच्या टेकडीवर पांढरा घुमट बांधलाय,
तो कान देऊन बसतो.
कुणाचा, असं विचारलं तर सांगतात, हवामानाचा.
हवामानाची इतकी काळजी
आमच्या बोटी बुडत होत्या तेव्हा कुणी केली नव्हती.

नदीच्या वळणावर फोन तिकडचा मनोरा पकडतो
आणि दोन तास पुढे पळतो.
पहिल्यांदा झालं तेव्हा दुपारची गोळी
मी ओडवारला सकाळीच दिली.
तो हसला. म्हणाला,
ह्या वयात दोन तास म्हणजे पुष्कळ झाले,
कुणाच्या खात्यात गेले तेवढं बघ.
तेव्हापासून मी वडिलांचं चावीचं घड्याळ बांधते.

ओडवार एकोणनव्वदचा.
आठ वर्षांचा होता तेव्हा अख्खं गाव खाणीच्या बोगद्यात,
बाहेर घरं जळत होती.
मग बोगद्याच्या तोंडाशी एक सैनिक उभा राहिला,
कोटातून काळा पाव काढून त्यानं ह्याच्या हातात दिला.
तो पलीकडचाच.
त्या पावाचा आंबटपणा सांगताना
ओडवार अजून ओठ चाटतो
आणि उठून पूर्वेच्या खिडकीचा पडदा ओढून घेतो.

सरकारनं आयोडीनच्या गोळ्या पाठवल्यात.
मी त्या त्याच्या औषधांच्या डब्यात ठेवल्या,
रविवारच्या खणाला लागून.
ह्या कधी घ्यायच्या?
सांगतील.
कोण?
मी त्याचा रक्तदाब मोजायला घेतला.

आणि झिनाइदाचे दोनशे क्रोनर माझ्याकडे राहिलेत.
महिन्यातून एकदा यायची बसनं,
चौकात टेबल मांडायची, लोकरीचे मोजे, खारवलेल्या अळंब्या.
जाताना नातवासाठी लंगोटांचे गठ्ठे न्यायची, कॉफी न्यायची.
त्या दिवशी माझ्याकडे सुट्टे नव्हते.
पुढच्या वेळी दे, म्हणाली.
पुढची वेळ आलीच नाही.
बँकेतली मुलगी म्हणाली, त्या देशात पैसे जात नाहीत.
मी म्हटलं, दोनशेच आहेत.
ती म्हणाली, एकसुद्धा.
मोज्यांना आता टाचेशी भोक पडलंय,
उधारी मात्र धडधाकट.

घरी जाताना नदीपाशी थांबते कधीकधी.
पाटीवर लिहिलंय:
पलीकडे दगड फेकू नये,
पलीकडे हाक मारू नये,
पलीकडच्या माणसाला खूण करू नये.
नदी इतकी अरुंद, की तिकडचा कुत्रा भुंकला
तर आमचा उत्तर देतो.
त्यांना पाटी वाचता येत नाही.

मी हात खिशात घालून उभी राहते,
खूण वाटायला नको म्हणून.
मनगटावर दोन वाजलेत.
खिशात फोन थरथरतो, तिथे चार.
झिनाइदा आता कारखान्यातून सुटली असेल,
गुडघे धरून बसथांब्यावर उभी असेल.
क्षणभर आम्ही दोघी एकाच वेळेत.

पाऊल जागचं हललेलं नाही,
तरी पडद्यावर अक्षरं उमटतात:
आपलं स्वागत आहे.
आणि खालच्याच ओळीत
मिनिटाचा दर.