कंबर बेचाळीस

दुकानात कुणी ना कुणी विचारतंच,
काका, त्या गुरुवारच्या प्रहसनांचे कपडे तुम्हीच शिवायचात ना,
मग सगळ्यांत भारी कोण?

मी वही काढतो. लाल बांधणीची, कडेला मशीनच्या तेलाचा डाग.
मला माणसं चेहऱ्यानं फारशी आठवत नाहीत.

शालन कोचरेकर. छाती चौतीस, उंची पाच फूट एक.
हिला हसू आवरायचं नाही.
समोरच्यानं भुवई उडवली की ही कपाट उघडून
आत डोकं घालायची, काहीतरी शोधल्यासारखी,
आणि पाठ नुसती हलायची.
दिग्दर्शक ओरडायचा,
लोक मात्र त्या पाठीचीच वाट बघत बसायचे.
तिच्या ब्लाउजना मी मागून अर्धा इंच जास्त ठेवायचो.
हसायला कापड लागतं.

बाळू पिंगट. नाव आहे, पुढं माप नाही.
उरेल ते याच्या अंगावर.
दुसरा हवालदार, तिसरा वऱ्हाडी, प्रेत.
प्रेत तर असा झकास व्हायचा
की कोलशेतच्या त्या गोदामात, मे महिन्यात, पत्र्याखाली,
नाकावर माशी बसली तरी अख्खा प्रवेश हलला नाही.
टाळ्या माशीला पडल्या.
याला चहासुद्धा सगळ्यांच्या शेवटी.

आणि कमलाकर शेंबेकर.
कंबर बेचाळीस, दोनदा अधोरेखित.
खारीगावाहून स्कूटरनं यायचा, कळव्याच्या पुलावरून,
आधी पोट पोचतं, मग स्कूटर, मग मी,
असं स्वतःच सांगायचा.
दारात अडकायचा, खुर्चीत अडकायचा,
एकदा तर वाक्यात अडकला,
"मी काय म्हणतो"च्या पुढं सरकेचना,
चारदा घाम पुसला, चष्मा पुसला, समोरच्याचा चष्मा पुसला,
आमच्या खारकर आळीत त्या रात्री
कुणाच्या तरी ताटातली आमटी भिंतीवर गेली म्हणतात.

शेवटच्या वर्षी, फेब्रुवारीत, पँट ढिली झाली.
एकोणचाळीस.
मी काही बोललो नाही, तोंडात टाचण्या होत्या.
तोच म्हणाला, अवसरे, आत थोडा कापूस भरता येईल?
मार्चमध्ये सदतीस.
जांभळी नाक्यावरचा पिंजारी विचारायला लागला,
घरात लग्नबिग्न आहे का हो, गाद्या किती करताय?
हो म्हटलं.
जूनमध्ये तेहतीस.
वहीत मी बेचाळीसच ठेवलं,
पेन्सिलीनंसुद्धा खोडलं नाही.

उशी हलू नये म्हणून खांद्यावरून पट्टे दिले,
शाळेच्या दप्तराला असतात तसे.
शॉट झाला की तो पट्टे सोडायचा,
पोट काढून मांडीवर घ्यायचा,
त्यावर कोपर टेकून चहा प्यायचा
आणि म्हणायचा, आयुष्यात पहिल्यांदा पाय दिसले बघा, बरे आहेत.
शालन तेवढ्याला हसायची नाही.
ही, जी माशीला हसायची.

शेवटच्या भागात तो पुन्हा दारात अडकला.
पट्टे धरून होते, शिवण धरून होती.
शालननं कपाट उघडलं, आत डोकं घातलं,
पाठ हलायला लागली.
लोक असे हसले की ध्वनीवाल्यानं कानावरचं काढून ठेवलं.

सेटच्या कपाटाला मागची फळी नसते.
मागं मी उभा होतो, सुईत दोरा ओवून,
वेळ पडली तर असावा म्हणून.
तिचं तोंड मला दिसत होतं.

विचारणारा तोवर भाड्यावर आलेला असतो.
उशी माळ्यावर आहे.
डिसेंबरात शाळांची गॅदरिंगं सुरू झाली की जाते,
कुंभकर्णाला, शेटजीला, एखाद्या सांताक्लॉजला.
साठ रुपये रोज, अनामत वेगळी.
पट्टे पोरांना लांब पडतात.
मी गाठ मारून देतो.
कापत नाही.